चहाचा फायदा हवाय? मग पानापासून पेल्यापर्यंतचा क्रम असा ठेवा

"महिनाभर ग्रीन टी घेतला, कडूपणाशिवाय काही हाती लागलं नाही." "कोरा चहा सुरू केला आणि पोटात ढवळायला लागलं." "झोपेसाठी म्हणून हर्बल चहा आणला, तर झोपच उडाली." या तक्रारी मी इतक्यांदा ऐकल्यात की आता उत्तर देण्याआधी चारच प्रश्न विचारते. पाणी किती गरम होतं? पत्ती पाण्यात किती वेळ होती? जेवणाच्या किती आगेमागे प्यायलात? आणि पाकिटाच्या मागच्या बाजूला काय लिहिलंय? चूक बहुतेक वेळा इथेच कुठेतरी सापडते. चहा बदलावा लागत नाही, करण्याची आणि पिण्याची रीत बदलावी लागते.

म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे. पायऱ्या मागेपुढे करू नका. विशेषतः तिसरी वगळून पुढे जाऊ नका, कारण तिथली चूक चवीवर नाही, तब्येतीवर जाते.

## १. हातात नेमकं काय आहे ते ओळखा

पांढरा, हिरवा, पिवळा, ऊलाँग, काळा आणि पु-एर हे सगळे चहा एकाच झाडाचे: कॅमेलिया सिनेन्सिस. फरक पडतो तो पान खुडल्यानंतर. पान चुरगळलं की त्यातला रस हवेला भेटतो आणि चिरलेल्या सफरचंदासारखं ते तपकिरी होऊ लागतं. ही क्रिया कुठे थांबवली, त्यावरून चहाचा प्रकार ठरतो.

हिरव्या चहाचं पान लगेच वाफवतात किंवा तापल्या कढईत परततात, त्यामुळे ते हिरवं राहतं. पांढऱ्या चहाच्या कोवळ्या कळ्या आणि पानं नुसती कोमेजवून सुकवतात. ऊलाँग अर्ध्या वाटेवर थांबवतात. काही ऊलाँग हिरव्याच्या जवळचे, काही काळ्याच्या. काळ्या चहात क्रिया शेवटपर्यंत होऊ देतात. पु-एर मात्र सूक्ष्मजीवांच्या मदतीने आंबवून मुरवतात. पिवळा चहा हिरव्याचाच भाऊ आहे आणि तो क्वचित मिळतो, म्हणून त्याला हिरव्याचेच नियम लावा.

याचा तब्येतीशी संबंध असा. हिरव्या आणि पांढऱ्या चहात कॅटेचिन नावाची द्रव्यं भरपूर टिकतात. काळ्यात त्यांचंच रूपांतर होऊन थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन तयार होतात. काळ्या चहाचा लालसर रंग आणि तुरटपणा येतो तो यांच्यामुळे. म्हणजे काळा चहा "मेलेला" नाही, त्यातली द्रव्यं वेगळी आहेत एवढंच. कॅफीन आणि थिआनीन (चहाच्या पानातलं एक अमिनो आम्ल) या सगळ्याच चहांत असतं.

आता पुदिना, कॅमोमाइल, आलं, जास्वंदीच्या जातीतल्या लाल अंबाडीची फुलं, रूइबॉस (दक्षिण आफ्रिकेतली एक वनस्पती). यांत चहाचं पानच नाही, हे वनस्पतींचे अर्क आहेत. यांत कॅफीन नसतं. "हर्बल" नावाखाली येणारा येर्बा माटे याला अपवाद आहे, त्यात कॅफीन भरपूर असतं.

पडताळणी: पाकीट उलटं करून घटकांची यादी वाचा. "लेमन हर्बल" असं ठळक छापलेल्या पाकिटातला पहिला घटक "ग्रीन टी" असेल, तर तो कॅफीनचा चहा आहे. झोप उडाल्याची तक्रार बहुधा इथूनच सुरू होते. यादीत साखर, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा दुधाची भुकटी वर असेल, तर ते गोड पेय आहे, चहाचे फायदे त्यात शोधत बसू नका.

सर्रास होणारी चूक: रंगावरून कॅफीन जोखणं. फिका रंग म्हणजे कमी कॅफीन, असं नसतं. कोवळ्या कळीत कॅफीन चांगलंच असतं, त्यामुळे दाट केलेला पांढरा चहा सौम्य काळ्या चहाला मागे टाकू शकतो. अंदाजासाठी एवढं लक्षात ठेवा: २४० मिलिलिटर काळ्या चहात साधारण ४५ ते ५० मिलिग्रॅम, तेवढ्याच हिरव्या चहात ३० च्या आसपास. तेवढ्याच कॉफीत ९५ च्या घरात. माचा मात्र हिरव्या चहाचं दळलेलं अख्खं पानच असतं आणि ते तुम्ही गाळून टाकत नाही, पोटात घेता. त्याचं कॅफीन काळ्या चहापेक्षा जास्त धरून चला.

## २. कशासाठी प्यायचा ते ठरवा आणि अपेक्षा मापात ठेवा

इथे मी थोडी कडक बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त निराशा इथूनच येते.

हृदय आणि एकूण आयुष्य. चहा पिणाऱ्यांच्या मोठ्या पाहणींमध्ये फायदा दिसतो, पण बेताचा. ब्रिटनमधल्या सुमारे ५ लाख लोकांच्या माहितीवर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसाला दोन किंवा जास्त कप चहा पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ९ ते १३ टक्के कमी आढळला. ही माणसं बहुतांशी काळा चहा पिणारी होती आणि दूध-साखर घालण्या न घालण्याने निष्कर्ष बदलला नाही. पण हे निरीक्षण आहे. चहामुळेच असं घडलं, हे त्यातून सिद्ध होत नाही. तरीही काळा चहा कमअस्सल समजून तो सोडायचं कारण नाही, इतकं त्यातून नक्की कळतं.

कोलेस्टेरॉल. हिरव्या चहाने वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, असं चाचण्यांत दिसलं आहे. थोडं म्हणजे थोडंच. डॉक्टरांची गोळी बंद करण्याइतकं नाही.

वजन. परिणाम इतका लहान आहे की काट्यावर कळणार नाही. फायदा होतो तो साखरेच्या पेयाऐवजी बिनसाखरेचा चहा घेतल्याने, आणि तो खरा असतो.

तरतरी आणि एकाग्रता. हा फायदा सगळ्यात पक्का. कॅफीनने सुस्ती जाते आणि थिआनीन सोबत असल्यामुळे ती जाग बऱ्याच जणांना कॉफीपेक्षा शांत वाटते.

वनस्पतींचे चहा. लाल अंबाडीच्या फुलांच्या चहाने वाढलेला रक्तदाब थोडा उतरतो. आल्याचा चहा मळमळीवर उपयोगी. पुदिन्याने पोटाला आराम वाटतो, मात्र ज्यांच्या छातीत जळजळतं त्यांचा त्रास तो वाढवूही शकतो. कॅमोमाइलने झोप लागते याचे पुरावे तोकडे आहेत. तरी दिवस मिटवायची शांत सवय म्हणून तो चांगला, असं मला वाटतं.

इशारा: "डिटॉक्स" किंवा "स्लिमिंग" चहाच्या यादीत सेना, म्हणजे सोनामुखी, आहे का ते पाहा. ते रेचक आहे. वजन घटल्यासारखं वाटतं ते शरीरातलं पाणी गेल्यामुळे, चरबी तिथेच असते. रोज घेतलं तर क्षार कमी होतात आणि पोट साफ व्हायला त्याचीच गरज भासू लागते.

दुसरा इशारा हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांबद्दल. युरोपीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलं की पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी (हिरव्या चहातलं मुख्य कॅटेचिन) घेतल्यास यकृताला त्रास होण्याची लक्षणं रक्ततपासणीत दिसू लागतात. पाण्यात मुरवलेला चहा आणि दाट अर्काची गोळी ही एकच गोष्ट नाही. "चहाच तर आहे" म्हणून गोळी सुरू करू नका.

## ३. आधी कोणी थांबायचं, कोणी विचारायचं

ही पायरी वाचायला दोन मिनिटं लागतात. वाचा.

- अंगात लोह कमी असेल तर: चहातली तुरट द्रव्यं धान्य, डाळी, पालेभाज्यांतल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते रक्तात जात नाही. डोळ्यांनी पाहायचं असेल तर कोरा चहा लोखंडी कढईत ओतून थोडा वेळ ठेवा. तो शाईसारखा काळा पडतो. ताटातल्या लोहाशी चहाची अशीच गाठ पडते. जेवण आणि चहा यांत किमान एक तास ठेवा, लोहाची गोळी असेल तर दोन.
- थायरॉइडची गोळी: लिव्होथायरॉक्सीन साध्या पाण्याबरोबर घ्या आणि चहासाठी अर्धा ते एक तास थांबा.
- रक्त पातळ करणारं वॉर्फरिन: हिरवा चहा अचानक खूप वाढवू नका, अचानक बंदही करू नका. माचाबद्दल तर डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.
- रक्तदाबाचं नॅडोलॉल: हिरव्या चहाने हे औषध अंगात कमी शोषलं जातं. दोन्ही एकत्र नकोत.
- गरोदरपण: सगळ्या पेयांतलं मिळून कॅफीन दिवसाला २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. निरोगी प्रौढांसाठी ही मर्यादा ४०० आहे. वनस्पतींचे चहा "नैसर्गिक" म्हणून आपोआप सुरक्षित होत नाहीत, प्रत्येकाबद्दल वेगळं विचारा.
- ज्येष्ठमध: बऱ्याच गोड लागणाऱ्या हर्बल मिश्रणांत असतो. रोज आणि जास्त घेतला तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम घटतं. रक्तदाब असणाऱ्यांनी यादीत त्याचं नाव शोधायचंच.
- कॅमोमाइल: शेवंती-झेंडूच्या कुळातला आहे. त्या फुलांची ॲलर्जी असणाऱ्यांनी लांब राहा.
- मुतखडा: काळ्या चहात ऑक्झलेट असतं. ऑक्झलेटचे खडे होत असतील तर किती प्यायचा ते डॉक्टरांना विचारा.

माझ्या ओळखीतल्या एक बाई वर्षभर लोहाच्या गोळ्या घेत होत्या आणि हिमोग्लोबिन हलत नव्हतं. गोळी चुकवत नव्हत्या. पण सकाळच्या चहाच्या कपाबरोबरच ती घ्यायच्या, कारण तशी लक्षात राहायची. कोणी विचारलंच नव्हतं. गोळी दुपारी पाण्याबरोबर घ्यायला लागल्या आणि पुढच्या तपासणीपासून आकडा चढू लागला. गोळी कशाबरोबर घेता, हा प्रश्न म्हणून मी आता आधी विचारते.

## ४. पाणी आणि भांडं तयार करा

चहाच्या कपात जवळजवळ सगळं पाणीच असतं, आणि नेमकं त्याच्याकडेच दुर्लक्ष होतं.

पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचं, असेल तर कोऱ्या चहावर थोड्या वेळाने तेलकट दिसणारी, चमकणारी साय धरते. कप हलवला की ती फुटते आणि तिचे तुकडे कपाच्या कडेला चिकटतात. तेल नव्हे ते. पाण्यातला कॅल्शियम आणि चहातली द्रव्यं मिळून ती बनते. आरोग्याला धोका नाही, पण चव बसते आणि चहा फुळकवणी लागतो. गाळलेलं, मध्यम क्षारांचं पाणी वापरा. क्षार पूर्ण काढलेलं पाणीही नको, त्यात चहा सपक होतो. क्लोरीनचा वास येत असेल तर पाणी तासभर उघडं ठेवून मग आधण ठेवा.

भांडं स्टीलचं, काचेचं किंवा चिनी मातीचं असावं. लोखंडाचं का नको, ते वर आलंच. झाकण हवंच, आणि गाळणं पसरट घ्या. चिमूटभर पत्ती कोंबून बसवलेल्या छोट्या जाळीच्या गोळ्यात पान उलगडत नाही. भिजल्यावर ते कित्येक पट फुगतं, त्याला हातपाय पसरायला जागा लागते.

इशारा: चहाचं झाड मातीतलं फ्लोराईड पानात साठवतं आणि जून पानांत ते जास्त असतं. तुमच्या पाण्यात आधीच फ्लोराईड जास्त असेल, तर जून पानांचा स्वस्त चहा दिवसभर पिणं टाळा.

## ५. माप: चमच्यापेक्षा वजन

एक चहाचा चमचा बारीक दाणेदार काळा चहा अडीच ग्रॅमच्या आसपास भरतो. तोच चमचा फुलारलेल्या पांढऱ्या चहाचा घेतला तर जेमतेम एक ग्रॅम. म्हणून "एक चमचा" हे माप पांढऱ्या चहाला फसवतं आणि दाणेदार चहाला कडू करतं. २०० मिलिलिटर पाण्याला २ ते २.५ ग्रॅम, इथून सुरुवात करा. छोटा वजनकाटा असेल तर एकदा मोजा आणि आपल्या चमच्यात ते किती दिसतं हे डोळ्यांत साठवून ठेवा, रोज मोजायची गरज नाही.

चव तपासणाऱ्यांसाठी एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ३१०३. त्यात १०० मिलिलिटर उकळत्या पाण्याला २ ग्रॅम चहा आणि सहा मिनिटं असं माप दिलंय. ते चहातले दोष उघडे पडावेत म्हणून मुद्दाम कडक ठेवलेलं आहे, रोज पिण्यासाठी नाही. ते पाहून कोणी घरी तसा चहा करू लागला, तर पोट बिघडल्याचा दोष पानावर टाकू नये.

## ६. तापमान: इथेच बहुतेकांचं चुकतं

हिरव्या चहावर खळखळतं आधण ओतणं ही सगळ्यात मोठी चूक. पण तिचं कारण लोक चुकीचं सांगतात. "उकळत्या पाण्याने कॅटेचिन मरतात" असं सांगितलं जातं. मुरण्याच्या तीन-चार मिनिटांत तसं होत नाही. उलट जास्त गरम पाणी कॅटेचिनही जास्त ओढतं आणि कॅफीनही. पण सोबत कडूपणा इतका येतो की दोन घोटांत कप बाजूला जातो, नाहीतर त्यात दोन चमचे साखर पडते. फायदा तिथे बुडतो. म्हणून मी ८० अंशांवर थांबते: द्रव्यं पुरेशी उतरतात आणि चहा बिनसाखरेचा पिववतो.

थर्मामीटर नसेल तर पाणी मिसळून तापमान साधा. सामान्य पाणी २५ अंशांचं धरलं तर हिशेब असा:

- ४ भाग उकळतं + १ भाग साधं पाणी: सुमारे ८५ अंश
- ३ भाग उकळतं + १ भाग साधं: सुमारे ८० अंश
- २ भाग उकळतं + १ भाग साधं: ७५ अंश
- ३ भाग उकळतं + २ भाग साधं: ७० अंश

भांडं थंड असेल तर तेही उष्णता पितं, त्यामुळे प्रत्यक्षात दोन-तीन अंश कमीच मिळतील. साधं पाणी आधी मिसळा, पत्ती नंतर टाका. पत्तीवर आधी उकळतं ओतून वरून गार पाणी घालणं म्हणजे चटका बसल्यावर फुंकर घालणं.

कोणाला किती:

- हिरवा, वाफवलेला (जपानी पद्धतीचा): ७० ते ७५ अंश, १ ते २ मिनिटं
- हिरवा, कढईत परतलेला (चिनी पद्धतीचा): ७५ ते ८५ अंश, २ ते ३ मिनिटं
- पांढरा: ८० ते ८५ अंश, ४ ते ५ मिनिटं
- ऊलाँग: ८५ ते ९५ अंश, ३ ते ४ मिनिटं
- काळा: उकळी आल्या आल्या, ३ ते ५ मिनिटं, बारीक दाणेदार असेल तर ३ पुरे
- पु-एर: उकळतं पाणी, पहिलं पाणी काही सेकंदांत ओतून टाका, मग ३ ते ४ मिनिटं
- पानाफुलांचे हर्बल चहा: उकळतं पाणी, झाकून ५ ते १० मिनिटं
- आलं आणि इतर मुळं: ठेचून, मंद आचेवर १० मिनिटं उकळायचं

माचा मुरवायचा नसतो. २ ग्रॅम चाळून घ्या, ७५-८० अंशांचं ६०-७० मिलिलिटर पाणी घालून फेस येईपर्यंत घुसळा. न चाळता घुसळलात तर गुठळ्या तळाला राहतात आणि शेवटचा घोट कडूजहर होतो.

## ७. वेळ: गजर लावा, अंदाज नको

पिशवी कपात तशीच ठेवून शेवटपर्यंत घोट घेत राहणं हे सर्रास दिसतं. पहिला घोट पाणचट, शेवटचा जिभेला चिकटणारा. कॅफीन लवकर उतरतं, तुरट द्रव्यं मागाहून उतरत राहतात. वेळ संपली की पत्ती बाहेर. पिशवी चमच्यावर दाबून पिळूही नका, आत अडकलेला सगळ्यात तुरट अर्क तेवढा कपात येतो.

विश्वास बसत नसेल तर एक सुट्टीची सकाळ यासाठी काढा. तीन सारखे पांढरे कप घ्या, प्रत्येकात २ ग्रॅम तोच हिरवा चहा. पहिल्यात ७० अंशांचं पाणी, दुसऱ्यात ८५ चं, तिसऱ्यात खळखळतं. तिन्ही झाका, तीन मिनिटांनी एकदम गाळा. पहिला कोवळ्या पोपटी रंगाकडे झुकतो, वास ताज्या भाजीसारखा, घशात मागाहून हलका गोडवा. दुसरा जरा पिवळा, अंगाने भरलेला, कडा किंचित तुरट. तिसरा तपकिरीकडे गेलेला पिवळा. तो प्यायलात की गालांच्या आतली कातडी दातांकडे ओढल्यासारखी होते आणि जीभ कोरडी पडते. एकाच डब्यातली पत्ती आणि तीन वेगळे चहा. हे एकदा करून पाहिलेला माणूस पुन्हा आधण थेट ओतत नाही.

पडताळणी: चहा फिका झाला तर पुढच्या वेळी पत्ती वाढवा, वेळ नाही. कडू झाला तर आधी तापमान उतरवा, मग वेळ कमी करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने सुधारला ते कळणार नाही.

एक गैरसमज: "पहिलं पाणी अर्ध्या मिनिटाने ओतून दिलं की कॅफीन निघून जातं." तेवढ्या वेळात कॅफीनचा थोडाच वाटा उतरतो, बाकी सगळं पत्तीतच असतं. कॅफीन चालत नसेल तर कॅफीन काढलेला चहा किंवा रूइबॉस घ्या.

## ८. दूध, साखर, लिंबू

दुधातलं केसीन हे प्रथिन चहातल्या द्रव्यांना चिकटतं. त्याने फायदा कितपत घटतो यावर अभ्यासांचं एकमत नाही. त्यामुळे काळ्या चहात दूध आवडत असेल तर निश्चिंत घाला. पांढऱ्या-हिरव्या चहात मात्र घालू नका, तिथे चवही जाते.

साखरेचं गणित सोपं आणि निर्दय आहे. एक चमचा म्हणजे ४ ते ५ ग्रॅम. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे ३२ ते ४० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास राहावी म्हणते. हृदयासाठी चहा आणि त्यात ही साखर, हे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणं आहे. साखर एकदम बंद करण्यापेक्षा दर आठवड्याला पाव चमचा कमी करा, जीभ रुळते. मध आणि गूळ यांची गणतीही साखरेतच होते.

लिंबू जरूर पिळा, पण चहा गाळून झाल्यावर. काळा चहा क्षणात उजळतो, ते आम्लाचं काम. आम्लामुळे कॅटेचिन टिकायला मदत होते, आणि लिंबातलं क जीवनसत्त्व लोहावरची चहाची पकड काही अंशी सोडवतं. दूध आणि लिंबू एकत्र करू नका, दूध फाटेल.

## ९. पिण्याची वेळ

कढत नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा गरम पेयांचं वर्गीकरण "बहुधा कर्करोगकारक" असं केलं. धोका अन्ननलिकेला, आणि तो पेयाचा नाही, उष्णतेचा आहे. फुरका मारून, हवा ओढून प्यावा लागत असेल तर चहा जास्त गरम आहे. कपात ओतल्यावर पाच-सात मिनिटं थांबा, जाड किंवा झाकणाच्या कपात त्याहून जास्त. सगळी काळजी घेऊन केलेला चहा घाईने भाजत पिणं मला सर्वांत वाईट वाटतं, कारण ही चूक टाळायला काहीच लागत नाही.

उपाशीपोटी नको, निदान ज्यांना मळमळतं त्यांनी. आधी दोन घास खा. कॅफीनने पोटातलं आम्ल वाढतं आणि तुरट द्रव्यांनी ढवळतं, हिरव्या चहाने तर हमखास.

जेवणाबरोबर नको. एक तासाचं अंतर, कारण वर सांगितलंच.

झोपेआधी किती? अंगातलं निम्मं कॅफीन उतरायला साधारण पाच तास लागतात. चार वाजता दोन कप काळा चहा घेतलात तर रात्री नऊला एका अख्ख्या कपाइतकं कॅफीन अंगात असतं. झोप कच्ची असेल तर दुपारी दोननंतर फक्त कॅफीन नसलेला.

## १०. दुसरं पाणी, थंड चहा आणि डबा

अख्ख्या पानांचा हिरवा, ऊलाँग आणि पु-एर दोन-तीनदा वापरता येतो. दर वेळी अर्धा-एक मिनिट वाढवा, आणि त्याच दिवशी. ओला चोथा रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा वापरू नका. बारीक दाणेदार चहा आणि पिशव्या पहिल्याच पाण्यात संपतात.

थंड चहासाठी एक लिटर पाण्यात ८ ते १० ग्रॅम पत्ती घालून फ्रिजमध्ये ६ ते ८ तास ठेवा, गाळा आणि एका दिवसात संपवा. कडूपणा जवळजवळ येत नाही आणि कॅफीनही कमी उतरतं. पोट नाजूक असणाऱ्यांना मी आधी हाच सुचवते. इशारा: बरणी उन्हात ठेवून चहा करू नका. ते पाणी जंतू मरण्याइतकं तापत नाही, वाढण्याइतकं मात्र तापतं.

डबा हवाबंद, अपारदर्शक, मसाल्यांपासून आणि शेगडीपासून लांब. पान वास फार पटकन ओढतं. हिरवा चहा फ्रिजमध्ये ठेवलात तर डबा बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव धरेल. हिरवा उघडल्यापासून दोन-तीन महिन्यांत संपवा, काळा वर्षभर चालतो. चिमूटभर पत्ती तळहातावर घेऊन तिच्यावर ऊबदार श्वास सोडा आणि लगेच हुंगा. गवताचा, फुलाचा, मधाचा कसलाच वास आला नाही, जुन्या कागदासारखा आला, तर तो डबा रिकामा करायची वेळ झाली.